खुर्ची कुणाची?

शीर्षक वाचून कुणाला हा राजकारणावरचा लेख वाटला असेल तर आधीच सांगते, ही खरोखरची खुर्ची आहे. सागाची, वेताने विणलेली, माणसाने बसायची.

झालं असं, की मागच्या महिन्यात भाच्याच्या नव्या घरी पुण्याला गेले होते. हौसेने सजवलेलं घर. बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. बाजूने पाहिलं तर पाय कंपास उघडून उभा केल्यासारखे, वर हात टेकायला पट्टी, बैठक आणि पाठ वेताच्या विणीची. प्रवासाने कंबर धरली होती म्हणून मी पटकन बसले. भाचा म्हणाला, "मावशी, जपून हं, ती जानरे आहे."

मला वाटलं जानरे म्हणजे लाकडाची जात असेल.

मग त्याने समजावून सांगितलं. पिएर जानरे नावाचा स्विस वास्तुकार, चंडीगढ उभारायला आलेला, त्याने काढलेली ही खुर्ची. जुनी, मूळची असेल तर परदेशात लिलावात काही लाख रुपयांना जाते. भाच्याकडची नक्कल आहे, तरी एकीच्या किमतीत माझं दोन महिन्यांचं पेन्शन गेलं असतं. मला हसू आलं. म्हटलं, "अरे, आमच्या शाळेच्या ऑफिसात सागाच्या आणि वेताच्या चोवीस खुर्च्या होत्या." तो म्हणाला, "तशा नाहीत गं मावशी. ही डिझायनर खुर्ची आहे."

म्हणजे आमच्या शाळेतल्या काय झाडाला लागल्या होत्या?

मी विचारलं, "बरं, ही बनवली कुणी?" "सांगितलं ना, जानरेने." "त्याने काढली रे. बनवली कुणी?" भाच्याने बिचाऱ्याने लगेच दुकानदाराला मेसेज केला. उत्तर आलं, माल जोधपूरहून येतो, त्यापुढे माहिती नाही. भाचा म्हणाला, "मावशी, ह्याने काय फरक पडतो?"

मास्तरकीची सदतीस वर्षं गेली, पण असा प्रश्न कुणी विचारला की अजून राहवत नाही. महिनाभर जमेल तेवढं वाचलं. भाच्यानेच दोन जाड चित्रमय पुस्तकं दिली, आता पस्तावला असेल. आणि वाचून झाल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं, की आधुनिक फर्निचरचा इतिहास म्हणून जे आपल्यापुढे ठेवलं जातं, तो बव्हंशी सह्यांचा इतिहास आहे. सही ज्याची, खुर्ची त्याची. बाकीचे जे पाच-पन्नास हात त्या खुर्चीला लागले ते हिशेबातच नाहीत. आणि हे अनवधानाने झालेलं नाही. ह्यात पैसा आहे.

चंडीगढचीच गोष्ट घेऊ. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि आपल्याकडच्या पंजाबला राजधानी उरली नाही. नवं शहर वसवायचं ठरलं. आधी अमेरिकेचे आल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी हे काम करत होते. नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले, मग ल कॉर्बुझिए आले. त्यांनी सोबत चुलतभावाला, म्हणजे ह्या पिएर जानरेंना आणलं. कॉर्बुझिए वर्षातून दोनदा यायचे आणि जायचे. जानरे १९५१ ते १९६५ चंडीगढमध्ये राहिले. (मी १९५१ च्याच साली जन्मले, म्हणून हे साल लक्षात राहिलं.) आजारपणामुळे परत गेले, १९६७ मध्ये जिनिव्हात वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा चंडीगढच्या सुखना तलावात सोडली. सेक्टर ५ मधलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. ह्या माणसाविषयी माझ्या मनात राग नाही, उलट आदरच आहे. परक्या मुलखात येऊन इतकी वर्षं मन लावून काम करणं सोपं नाही.

पण शहर म्हटलं की कचेऱ्या आल्या, न्यायालय आलं, विद्यापीठ, ग्रंथालय, वसतिगृहं आली. ह्या सगळ्यांना बसायला हजारो खुर्च्या हव्यात, टेबलं हवीत, कपाटं हवीत. देश नवा, खिसा फाटका. परदेशातून आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून ठरलं, की इथलं लाकूड, इथला वेत आणि इथले सुतार. आराखडे काढले गेले आणि ते स्थानिक कारखान्यांकडे, मिस्त्रींकडे गेले. एका कारखान्यात एका साच्यातून हा माल निघालेला नाही. म्हणून आजही दोन 'जानरे' खुर्च्या शेजारी ठेवल्या तर मापं तंतोतंत जुळत नाहीत. एकीचा हात जरा जाड, दुसरीचा पाय जरा कललेला. लिलाववाले ह्या फरकाला हातकामाचं सौंदर्य म्हणतात आणि त्याची किंमत लावतात. सौंदर्य हाताचं, असं तेच म्हणतात. मग हात कुणाचा, हे विचारलं की गप्प!

बरं, आराखडेही एकट्या जानरेंचे नव्हते. त्या वास्तुकारांच्या चमूत उर्मिला यूली चौधरी नावाची तरुणी होती. १९२३ चा जन्म, सिडनीला वास्तुशास्त्र शिकून आलेली, १९५१ पासून चंडीगढच्या कामात. पुढे ती हरियाणाची आणि पंजाबची मुख्य वास्तुकार झाली. फर्निचरच्या कामात तिचा मोठा वाटा होता आणि काही खुर्च्यांवर आता दोघांची नावं घातली जातात. 'आता' हा शब्द महत्त्वाचा. लिलावाचा बाजार तापला तेव्हा कितीतरी वर्षं कॅटलॉगात एकच नाव छापलं जात होतं. त्या चमूत आदित्य प्रकाश होते, एम. एन. शर्मा होते, जीत मल्होत्रा होते. ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे हीही नावं आहेत, आडनावं बघा! आपल्याकडची माणसं तिथे होती हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. आणि ही तर शिकलेली, पदवीधर, सरकारी नोंदीतली माणसं. त्यांची ही गत, तर रंधा मारणाऱ्याला कोण विचारतो?

आता पुढचा भाग ऐका, कारण इथे मला माझीच शाळा दिसायला लागली.

चाळीस-पन्नास वर्षं वापरून ह्या खुर्च्या जुन्या झाल्या. वेत फाटले, सांधे ढिले झाले. सरकारी कचेऱ्यांना स्टीलच्या, चाकांच्या, फोमच्या खुर्च्या हव्या होत्या. जुन्या खुर्च्या गच्चीवर, जिन्याखाली, मागच्या अंगणात ढिगाने पडल्या. मग रीतसर भंगाराचे लिलाव झाले. गेल्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सचे काही व्यापारी तिथे पोहोचले आणि त्यांनी ह्याच लिलावांतून तो माल विकत घेतला. चोरी केली नाही, पावती घेऊन नेला. पॅरिसला नेऊन दुरुस्त केला, नवा वेत विणून घेतला, सुंदर फोटो काढले, पुस्तकं छापली. आणि काल गच्चीवर भिजत पडलेली खुर्ची श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेली. गंमत अशी, की ह्या खुर्च्यांवर कचेरीच्या कारकुनाने रंगाने लिहिलेले खात्याचे क्रमांक असतात, कुठलं ग्रंथालय, कुठलं वसतिगृह, कितवी खुर्ची. ते क्रमांक आता अस्सलपणाचा पुरावा म्हणून जपले जातात. कारकुनाचा ब्रश किंमत वाढवतो. सुताराची पटाशी मात्र बेनाम!

आरडाओरडा झाला तेव्हा २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढून चंडीगढच्या ह्या वारसा-वस्तूंची विक्री बंद केली. पण बाहेर गेलेलं परत आणायला कायद्याचा आधार तोकडा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साधारण शंभर वर्षांची अट आहे आणि ह्या खुर्च्या त्यात बसत नाहीत. त्यामुळे परदेशातले लिलाव होतच राहतात, आपल्याकडची मंडळी पत्रं लिहीत राहतात.

आपले बरेच लोक इथे थांबतात. 'गोऱ्यांनी लुटलं' म्हणायचं आणि चहा प्यायचा. मला हे पटत नाही. त्या व्यापाऱ्यांनी नेल्या नसत्या तर त्यातल्या बऱ्याच खुर्च्या बंबात गेल्या असत्या, हे आधी कबूल करा. लूट असेलच तर ती खुर्चीची नाही, श्रेयाची आहे. आणि ती चंडीगढला सुरू झालेली नाही, फार आधीपासून चालू आहे.

इराण्याच्या हॉटेलातली काळी, वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची खुर्ची तुम्ही पाहिलेली असणार. मुंबईत तर हमखास. ती ज्या घराण्यातली त्याचा मूळ पुरुष मिखाएल थोनेट. ऱ्हाईनकाठच्या बोपार्ड गावचा हा सुतार. सुतार म्हणते मी, डिझायनर नाही. १८४२ मध्ये व्हिएन्नाला गेला. बीचच्या लाकडाच्या गोल काठ्या वाफेवर मऊ करायच्या, बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी आवळायची म्हणजे तंतू फाटत नाहीत, आणि मग लोखंडी साच्यावर वाकवायच्या, ही युक्ती त्याने वर्षानुवर्षं हात भाजून साधली. १८५९ ची त्याची १४ नंबरची खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. एक घनमीटर खोक्यात छत्तीस खुर्च्या सुट्ट्या करून मावत. १९३० पर्यंत ती पाच कोटी विकली गेली म्हणतात. हा माणूस मला आवडतो. त्याचं नाव खुर्चीवर आहे ते रास्त आहे, कारण तो लाकडाशी झोंबला होता. पण त्याचेही कारखाने मोराव्हियातल्या बीचच्या जंगलांजवळ का गेले? लाकूड तिथे आणि स्वस्त मजूरही तिथेच. त्या पाच कोटी बैठकांचा वेत कुणीतरी विणला असेल ना? घरी बसून, बायकांनी आणि पोरांनी विणला. त्यांच्या बोटांचा इतिहास कुठल्या जाड पुस्तकात आहे? भाच्याच्या दोन्ही पुस्तकांत मिळून ह्या विषयाला जेमतेम दोन ओळी निघाल्या.

पुढे विसाव्या शतकात तर लाकडाशी झोंबायचीही गरज राहिली नाही. १९२५ च्या सुमाराला जर्मनीत मार्सेल ब्रॉयरला सायकलच्या हँडलवरून सुचलं की नळीची खुर्ची करावी. सुचलं ते मोठंच. पण त्याला जोडकाम येत नव्हतं, म्हणून नळकाम करणाऱ्या कारागिराची मदत घेतली. त्या खुर्चीत ताणून बसवलेलं कापड टिकेना. पुढे बाउहाउसच्याच मार्गारेटा रायखार्ट नावाच्या विणकर मुलीने त्याचा धागा सुधारून दिला. आज खुर्चीचं नाव 'वासिली'. ते ना कारागिराचं, ना मुलीचं, ते चित्रकार कांदिन्स्कीचं! त्याने तिची तारीफ केली होती, आणि कित्येक वर्षांनी इटलीच्या एका उत्पादकाने विक्रीसाठी ते नाव चिकटवलं. बनवणाऱ्याला नाव नाही, वाहवा करणाऱ्याला आहे.

शार्लोट पेरियांची गोष्ट तर मी हल्ली येईल त्याला ऐकवते. १९२७ मध्ये ही चोवीस वर्षांची मुलगी पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिएकडे काम मागायला गेली. त्यांनी, आमच्याकडे उशांवर भरतकाम चालत नाही, अशा अर्थाचा टोमणा मारून परत पाठवलं. काही दिवसांनी एका प्रदर्शनात तिने धातू आणि काच वापरून मांडलेलं काम त्यांनी पाहिलं आणि मग नोकरी दिली. पुढच्याच वर्षी ती जगप्रसिद्ध आडवी आरामखुर्ची जन्मली, जिच्यावर पडलं की पाय वर आणि डोकं खाली जातं. तिच्यावर पहुडलेल्या पेरियांचाच फोटो जगभर छापला गेला. गंमत ही, की त्या आराखड्यावर तिघांची नावं होती, कॉर्बुझिए, जानरे आणि पेरियां. पण १९६५ पासून इटलीच्या कासिना कंपनीने ती बनवायला घेतली, तेव्हा खुर्चीचं नाव पडलं 'एलसी ४'. एलसी म्हणजे ल कॉर्बुझिए. तिघांच्या खुर्चीवर एकाची आद्याक्षरं.

आणि त्या तिघांतला पुसला गेलेला एक कोण? आपले पिएर जानरेच! आयुष्यभर चुलतभावाच्या सावलीत राहिलेला माणूस, आणि मेल्यावर बाजाराने त्याच्याच नावाची सावली करून चंडीगढच्या सुतारांवर पाडली. त्यांना स्वतःला हे आवडलं असतं असं मला वाटत नाही. पण बाजार माणसाला विचारून नाव लावत नाही. बाजाराला एक नाव हवं असतं. दहा नावांची खुर्ची विकायला कठीण.

इथे माझ्या भाच्यासारखे शिकलेले लोक म्हणतात, मावशी, कल्पना महत्त्वाची. सुतार काय, आराखडा दिला की कुणीही करेल.

ज्याने आयुष्यात खिळाही ठोकला नाही तोच असं बोलू शकतो. कागदावरच्या रेषेला जाडी नसते, ओल नसते, गाठ नसते. लाकडाला ह्या सगळ्या असतात. तो कंपाससारखा पाय तिरका आहे, म्हणजे सांध्यातली खाचही तिरकी पाडावी लागते. ती एक दोरा चुकली की खुर्ची महिनाभरात डुगडुगते. कुठल्या ओंडक्यातून पाय काढायचा, तंतू कुठल्या दिशेने धरायचे, हे आराखड्यात लिहिलेलं नसतं. ते मिस्त्रीच्या हातात असतं. वेताचंही तसंच. आधी भिजवायचा, मग उभे पदर, मग आडवे, मग तिरके, दोन्हीकडून. जास्त ताणला तर वाळल्यावर तुटतो, कमी ताणला तर झोळी होते. किती ताणायचा, ह्याचं माप कुठल्या फुटपट्टीवर आहे?

आमच्या शाळेत वेत विणायला शहरातून एक अंध गृहस्थ यायचे. व्हरांड्यात बसून, बोटांनी भोकं मोजत विणायचे. मधल्या सुट्टीत पोरं भोवती गोळा व्हायची. एकदा एका वांड पोराने मुद्दाम एक पदर चुकीच्या भोकातून ओढून ठेवला. त्यांनी वरून नुसता तळवा फिरवला आणि बरोबर तोच पदर उपसून काढला. पोरगं चाट पडलं. ह्याला 'नुसतं काम' म्हणायचं आणि रेषेला 'कल्पना', ही वाटणी ज्यांच्या सोयीची आहे त्यांनीच केलेली आहे.

दुसरं म्हणतात, इतक्या नावांचा घोळ कोण घालणार? अहो, सिनेमाच्या शेवटी स्पॉटबॉयचं नाव येतं. नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा सगळं येतं. खुर्चीलाच काय झालं? आणि हे खुर्चीच्या बाबतीतही झालेलं आहे. डेन्मार्कात. कोपनहेगनच्या सुतारांच्या संघाने १९२७ ते १९६६ दर वर्षी फर्निचरचं प्रदर्शन भरवलं. त्यात एक वास्तुकार आणि एक सुतार अशा जोड्या काम करायच्या आणि दोघांची नावं लागायची. फिन युल हा वास्तुकार, त्याला सुतारकाम येत नव्हतं. त्याच्या वळणदार खुर्च्या नील्स व्होडर ह्या सुताराने घडवल्या. आणि त्या खुर्चीच्या पोटाशी तापल्या लोखंडाने शिक्का मारलेला असतो, त्यात सुतार नील्स व्होडर हे नाव आहे आणि रचना फिन युलची हेही आहे. खुर्ची उलटी केली की दोघे भेटतात! हान्स वेग्नर तर स्वतःच सुतारकाम शिकलेला, पण त्याची १९४९ ची गोल पाठीची खुर्ची, जिच्यावर १९६० साली केनेडी आणि निक्सन दूरदर्शनवरच्या वादविवादासाठी बसले, ती योहानस हान्सेन ह्या सुताराच्या कार्यशाळेत झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे. ह्याने वेग्नर काही लहान झाला नाही. किंमतही उतरली नाही, उलट तो शिक्का पाहून गिऱ्हाईक जास्त मोजतं. हो, व्होडर आणि हान्सेन हे कार्यशाळांचे मालक होते, त्यांच्या हाताखालची पोरं तिथेही बेनामच. पण निदान एक पायरी तरी उतरले ना ते!

तिसरं उत्तर आपल्याकडच्या लोकांचं, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. म्हणे, आपली परंपराच अनाम कारागिराची. अजिंठ्याला कुणी सही केली का? वेरूळला केली का? १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून फिरलं आणि त्यांनी अहवाल लिहिला. त्यात आपल्या लोट्याचं फार सुंदर कौतुक आहे, की पिढ्यान् पिढ्यांच्या अनेक हातांनी तो घडवला. अहमदाबादची डिझाइनची संस्था त्यातून १९६१ मध्ये उभी राहिली, चांगलंच झालं. पण अहवालावर ईम्स नवराबायकोची नावं आहेत हो! लोट्याला अनाम असण्याचा मान आणि लिहिणाऱ्याला नाव. अनामिकता ही जर इतकी थोर गोष्ट असेल तर ती आधी लिलावघरांनी पाळावी. जानरेंचं नाव काढून 'पंजाबातल्या कुणा सुताराची खुर्ची' म्हणून विकून दाखवा. किती बोली लागते बघू. २०१९ मध्ये ह्याच कासिनाने चंडीगढच्या खुर्च्यांवरून 'पिएर जानरेंना मानवंदना' म्हणून मालिका काढली. चंडीगढच्या सुतारांना मानवंदना कधी?

आता माझं. इतकं दुसऱ्यांना बोलले, तर स्वतःचंही सांगायला हवं.

शेवटची चार वर्षं मी मुख्याध्यापिका होते. शाळेत डेडस्टॉक रजिस्टर नावाचं एक जाडजूड प्रकरण असतं, शिक्षक वाचकांना सांगायला नको. त्यात घंटेपासून घमेल्यापर्यंत सगळ्याची नोंद. आमच्या त्या चोवीस खुर्च्या मी नोकरीला लागले त्याच्याही आधीच्या. गावातल्याच एका मिस्त्रींनी शाळेच्या पटांगणात बसून केलेल्या. मी लागले १९७२ मध्ये, तेव्हा ते म्हातारे होते, पण दिवाळीच्या सुट्टीत दुरुस्तीला यायचे. एकदा माझी खुर्ची करकरते म्हणून सांगितलं तर उलटी केली, कान लावल्यासारखं केलं, एक पाचर ठोकली आणि म्हणाले, "बाई, आता तुम्ही निवृत्त होईपर्यंत बोलायची नाही." आणि नाही बोलली.

२००६ मध्ये एका देणगीदाराने शाळेला प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. रंगीत, हलक्या, धुता येणाऱ्या. जुन्यांपैकी सहा-सात मोडल्या होत्या, वेत विणणारे यायचे बंद झाले होते, आणि ठेवायला जागा नव्हती. निर्लेखनाचा ठराव झाला, समितीने 'निरुपयोगी' असा शेरा मारला, आणि त्याखाली माझी सही आहे. चोवीसच्या चोवीस. मोडक्या सहा आणि धडधाकट अठरा, सगळ्या. भंगारवाल्याने तीन खेपा केल्या. माझी न करकरणारी खुर्चीही त्यात गेली, मी तेव्हा वर्गावर होते.

भाच्याकडून आल्यावर मी शाळेत फोन केला. आमचे जुने कारकून अजून अधूनमधून तिथे जातात. त्यांनी रजिस्टर शोधून नोंद वाचून दाखवली. वस्तूचं नाव, नग, दर, एकूण रक्कम, पुरवठादार. पुरवठादार म्हणून लाकडाच्या वखारीचं नाव आहे. बनवणाऱ्याचा रकानाच नाही. चंडीगढला नव्हता, आमच्याकडेही नव्हता. आणि मला लाज वाटली ती ह्याची, की मी इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसले, पण मला त्या मिस्त्रींचं नाव सांगता येईना. कारकुनांनाही येईना. आम्ही सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचो.

आठ दिवस चार जणांना विचारून त्यांच्या मुलाचा नंबर मिळाला. तेही आता सत्तरीचे, शहरात नातवाकडे असतात. नातू मॉड्युलर किचन बसवतो. त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, मी वहीत उतरवून घेतलं. म्हटलं, मी ब्लॉगवर लिहिणार आहे, नाव घालू का? ते म्हणाले, "कशाला बाई, आता कोण ओळखतंय त्यांना." दोनदा विचारलं, दोनदा तेच. म्हणून इथे नाव नाही, वहीत आहे.

फोन ठेवताना त्यांनी एवढंच विचारलं, की त्यातली एखादी खुर्ची शिल्लक आहे का? बघायला यायचं होतं.

मी नाही म्हणाले.